पालिकेचा पैसा आणि अर्ध्या शेकेलचा हिशेब



गेल्या शब्बाथ शेकालीमला प्रार्थना आटोपल्यावर किद्दुशच्या वेळी आमच्या क्वीन्समधल्या मंडळीत एक विषय निघाला. एका तरुण जोडप्याने सुचवले की, न्यूयॉर्क शहर दरवर्षी सांस्कृतिक केंद्रांना आणि लहान लहान मंडळांनाही पैसे देते, तर आपणही अर्ज का करू नये? आपली मराठी कीर्तने, मलिद्याची रीत, कोकणातल्या घरांचे जुने फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या आठवणी, हे सारे एका खोलीत नीट मांडून ठेवता येईल. आपल्या नातवंडांना दाखवता येईल आणि शेजाऱ्यांनाही.

कल्पना सर्वांना आवडली. पण एक वडीलधारे मामा म्हणाले, “पैसे घेतले की ते आपली वही बघायला येणार. घरच्या माणसांचा हिशेब परक्याने कशाला तपासायचा?” त्यावर कोणी काही बोलले नाही. चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. वर्ग गप्प बसला म्हणजे त्याला समजले असे नसते, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून घरी आल्यावर ठरवले की, पालिकेचा पैसा म्हणजे काय, तो कोणत्या वाटेने येतो, त्याचा हिशेब कोण मागतो आणि का मागतो, हे आपल्या मासिकातून एकदा सोप्या भाषेत सांगावे.

पैसा कोणाचा?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. शहराचा पैसा म्हणजे मेयरसाहेबांचा पैसा नव्हे, आणि तो दानही नव्हे. आपण घरावर कर भरतो, दुकानात वस्तू घेताना कर भरतो, भाडेकरू असलो तरी भाड्यातून घरमालकाचा कर आपणच भरतो. तो सर्व पैसा एका पेटीत जातो. शहराचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, आणि त्या पेटीतून कोणाला किती द्यायचे हे मेयर आणि सिटी कौन्सिल मिळून ठरवतात. टॅक्सी चालवणारा, इस्पितळात रात्रपाळी करणारी नर्स, कोपऱ्यावरचा फळवाला, या सर्वांचे त्यात काही सेंट असतात. आपल्या मंडळाला त्यातले पाच हजार डॉलर मिळाले, तर ते या लोकांनी आपल्यावर विश्वासाने सोपवलेले असतात. मामांच्या भाषेत सांगायचे तर वही बघायला येणारा परका नसतो. पैसे त्याचेही असतात.

ही गोष्ट आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. आपल्यातले डॉ. एलिजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले होते. मुंबईतला डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा आहे. पालिकेची पेटी कशी असते हे आपल्या लोकांनी आतून पाहिलेले आहे.

तीन वाटा

न्यूयॉर्कमध्ये सांस्कृतिक कामासाठी शहराचा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो.

पहिली वाट मोठ्या संस्थांची. तिची सुरुवात १८६९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीपासून झाली. तेव्हाची मांडणी आजही बहुतेक तशीच आहे: जमीन आणि इमारत शहराची, आतला संग्रह आणि कारभार खाजगी ना-नफा संस्थेचा. विजेचा, पहाऱ्याचा, देखभालीचा बराचसा खर्च शहर उचलते. अशा तीसहून अधिक संस्था आहेत. आमच्या क्वीन्समधले फ्लशिंग टाउन हॉल आणि क्वीन्स म्युझियम त्यांतलेच.

दुसरी वाट लहान मंडळांची. शहराचे सांस्कृतिक खाते दरवर्षी अर्ज मागवते. जाणकार लोकांची समिती ते वाचते, गुण देते, आणि निवडलेल्या मंडळाशी शहर करार करते. करारात काय काम करणार, कोणत्या वर्षात करणार आणि ते सर्वांसाठी खुले कसे राहील, हे लिहिलेले असते. काम झाल्यावर अहवाल द्यावा लागतो.

तिसरी वाट आपल्या भागाच्या कौन्सिल सभासदाची. प्रत्येक सभासदाला काही रक्कम आपल्या मतदारसंघातल्या संस्थांना देता येते. ही वाट सर्वांत जवळची, कारण सभासद ओळखीचा असतो. म्हणूनच तिच्यावर सर्वांत जास्त डोळा ठेवावा लागतो.

२००८ साली न्यूयॉर्कमध्ये उघड झाले की, सिटी कौन्सिलच्या अंदाजपत्रकात कित्येक वर्षे अशा संस्थांच्या नावे रकमा मांडलेल्या होत्या, ज्या संस्था अस्तित्वातच नव्हत्या. नावे बनावट होती. रक्कम त्या नावाखाली बाजूला ठेवायची आणि पुढे वर्षात सोयीप्रमाणे वळवायची, अशी रीत पडली होती. एकूण आकडा कोट्यवधी डॉलरचा होता. शहरात मोठी खळबळ झाली. त्यानंतर नियम कडक झाले. आता सभासदाने नाव सुचवले तरी संस्था खरी आहे का, नोंदलेली आहे का, मागचे हिशेब तिने दिले आहेत का, सभासदाचे तिच्यात काही नाते किंवा हितसंबंध आहेत का, हे तपासल्याशिवाय पैसा सुटत नाही.

म्हणजे आज आपल्याला जे भाराभर फॉर्म भरावे लागतात, त्यांच्यामागे कोणाचा आपल्यावर राग नाही. पूर्वी कोणीतरी फॉर्म न भरता पैसा नेला, त्याची ती आठवण आहे.

एका ग्रंथालयाची गोष्ट

आता आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एका संस्थेचे उदाहरण घेऊ. क्वीन्सचे सार्वजनिक ग्रंथालय आपल्यापैकी अनेकांचे या देशातले पहिले सांस्कृतिक केंद्र होते. साठाहून अधिक शाखा, कितीतरी भाषांची पुस्तके, इंग्रजीचे वर्ग, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, आणि हे सर्व फुकट. पुष्कळांना वाटते की ते शहराचे खाते आहे. तसे नाही. ते स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. मात्र तिचा बहुतांश खर्च शहराच्या तिजोरीतून चालतो.

२०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत या ग्रंथालयाच्या कारभाराविषयी बातम्या येऊ लागल्या. तेव्हाचे अध्यक्ष थॉमस गॅलांटे यांचा पगार वर्षाला ३,९०,००० डॉलरच्या वर होता, शिवाय ते बाहेर एका शाळामंडळाचे सल्लागार म्हणूनही काम करीत होते. कार्यालयाच्या नूतनीकरणावर आणि तिथल्या गच्चीवर मोठी रक्कम खर्च झाली होती. आधीच्या वर्षांत नोकरकपात सोसलेल्या संस्थेत ही बातमी फार लागली. आपण काही गैर केले नाही, असे अध्यक्षांचे म्हणणे होते.

शहराच्या निवडून आलेल्या हिशेब-तपासनिसाने, म्हणजे कंट्रोलर स्कॉट स्ट्रिंगर यांनी, वह्या मागितल्या. ग्रंथालयाचे म्हणणे असे की, १९९७ च्या एका करारानुसार कंट्रोलरने फक्त शहराकडून आलेल्या पैशाचा हिशेब पाहावा, आमच्या इतर उत्पन्नाचा नाही. प्रकरण कोर्टात गेले.

वाचकहो, या वादात क्षणभर थांबा, कारण सार्वजनिक हिशेबाचा सारा प्रश्न इथेच आहे. समजा, एका मुलाला वडील शाळेच्या फीसाठी शंभर रुपये देतात आणि आजी खाऊसाठी शंभर देते. मुलगा म्हणतो, “बाबा, तुमच्या शंभराची पावती ही घ्या. आजीच्या शंभराचे विचारू नका.” ऐकायला ठीक वाटते. पण वडिलांनी फी भरली म्हणूनच तर आजीचे शंभर मोकळे राहिले! दोन्ही नोटा एकाच खिशात होत्या. संस्थेचेही तसेच आहे. शहर विजेचे बिल आणि पगार देते, म्हणून दुसऱ्या उत्पन्नातून गच्ची बांधता येते. जिथे बहुतांश पैसा लोकांचा आहे, तिथे एक खिसा दाखवून दुसरा झाकता येत नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. ग्रंथालयाचे ट्रस्टी मेयर आणि बरो प्रेसिडेंट नेमत, पण नेमल्यावर त्यांना काढण्याचा अधिकार कोणाला नव्हता. जून २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. नेमणाऱ्याला काढण्याचा अधिकार मिळाला, बोर्डात ऑडिट समिती असणे सक्तीचे झाले, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाहेरच्या नोकरीवर निर्बंध आले, आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा ग्रंथालयाला लागू झाला. जुलैमध्ये आठ ट्रस्टींना काढण्यात आले. डिसेंबरमध्ये नव्या बोर्डाने अध्यक्षांना कामावरून दूर केले. जुलै २०१५ मध्ये कंट्रोलरचा अहवाल आला. त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांनी संस्थेच्या नियमांत न बसणारा तीन लाख डॉलरहून अधिक खर्च केल्याचे म्हटले होते.

मला यात सर्वांत विचार करण्यासारखे वाटते ते एका माणसाचे वागणे नाही. एवढे मोठे बोर्ड होते. त्यात शिकलेले, प्रतिष्ठित लोक होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी वर्षानुवर्षे प्रश्न विचारले नाहीत. किद्दुशच्या वेळी आपणही असेच गप्प झालो होतो.

हिशेब मागायचा, पण मते लादायची नाहीत

मामांच्या मनातली दुसरी भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला ती कळली. आज वही बघतील, उद्या आपण काय गावे आणि काय दाखवावे हेही तेच सांगतील. ही भीती उगाच नाही.

१९९९ साली ब्रुकलिन म्युझियमच्या एका प्रदर्शनातले येशूच्या आईचे चित्र मेयर रुडॉल्फ जुलियानी यांना अपमानकारक वाटले. त्यांनी संग्रहालयाला मिळणारे वर्षाचे सुमारे ७० लाख डॉलर रोखायचे ठरवले आणि इमारतही सोडायला सांगितले. संग्रहालय कोर्टात गेले. १ नोव्हेंबर १९९९ रोजी फेडरल न्यायाधीश नीना गर्शन यांनी संग्रहालयाच्या बाजूने आदेश दिला. चित्र आवडले नाही म्हणून शहराला आधी देऊ केलेला पैसा शिक्षा म्हणून काढून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पैसा सांगितलेल्या कामावर गेला का, हे विचारण्याचा शहराला पूर्ण हक्क आहे. तुमचे गाणे आम्हाला आवडत नाही म्हणून पैसा परत द्या, असे म्हणण्याचा नाही.

एक मर्यादा मात्र आपण स्वतःच ओळखून असावे. या देशात सरकारचा पैसा उपासनेसाठी वापरता येत नाही. मलिद्याचे ताट कसे मांडतात, पोहे, खोबरे आणि फळे त्यात का असतात, एलियाहू हन्नाबीची आठवण कोकणात कशी जपली गेली, हे प्रदर्शनात समजावून सांगणे ही संस्कृती झाली. प्रत्यक्ष मलिदा करून प्रार्थना म्हणणे ही उपासना झाली. तिचा खर्च आपल्याच वर्गणीतून व्हावा. दोन वह्या ठेवल्या तर काही अडचण येत नाही.

मोशे रब्बेनूंची वही

“घरच्या माणसांचा हिशेब कशाला” असे म्हणणाऱ्यांना मी तोरा उघडायला सांगेन. शेमोथच्या ३८ व्या अध्यायात, पेकुदेच्या पाराशात, मिश्कान बांधण्यासाठी आलेल्या सोन्याचा, रुप्याचा आणि पितळेचा हिशेब दिला आहे. मोशे रब्बेनूंपेक्षा विश्वासू माणूस कोण? तरीही हिशेब दिला, आणि तोही तपासता येईल असा.

आपण तपासून पाहू. वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०. प्रत्येकी अर्धा शेकेल. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल रुपे. तीन हजार शेकेलचा एक किक्कार. तेव्हा १०० किक्कार झाले आणि १,७७५ शेकेल उरले. तोरात हाच आकडा आहे. पुढे खर्चही दिला आहे: १०० किक्कारांच्या १०० बैठका, प्रत्येकी एक किक्कार, आणि उरलेल्या १,७७५ शेकेलच्या खांबांच्या आकड्या. जमा आणि खर्च जुळले. चौथीतल्या मुलालाही हे गणित करता येईल. चांगला सार्वजनिक हिशेब असाच असतो. तो समजायला मोठा अकाउंटंट लागत नाही.

मिद्राशमध्ये असे सांगतात की, लोक मोशेच्या पाठीमागे कुजबुजत होते, म्हणून त्यांनी हिशेब द्यायचे ठरवले, आणि हिशेब देता देता ते १,७७५ शेकेल कुठे गेले हेच त्यांना आठवेना! मग वर पाहिले तेव्हा खांबांच्या आकड्या दिसल्या. विसर मोशेलाही पडतो. म्हणून लिहून ठेवायचे.

आपल्या ऋषींनी तर आणखी बारकाईने सांगितले आहे. मिश्नाच्या शेकालीम भागात म्हटले आहे की, मंदिराच्या खजिन्यात जाणाऱ्याने दुमडलेल्या काठाचे वस्त्र किंवा पायताण घालून जाऊ नये, कारण उद्या तो श्रीमंत झाला तर लोक म्हणतील, खजिन्यातून नेले. माणसाने परमेश्वरापुढे जसे निर्मळ असावे, तसेच लोकांपुढेही निर्मळ दिसावे. दानाचा पैसा गोळा करायला दोघांनी जावे आणि वाटायला तिघांनी बसावे, हाही आपलाच नियम. कोकणात आणि मुंबईत आपल्या मशिदीत मुकादम, चौगुला आणि गब्बाई असे वेगवेगळे कारभारी असत, ते काही मानपानासाठीच नव्हे. एकाच्या हातात सर्व काही राहू नये, हाही त्यातला हेतू.

एका डब्याची गोष्ट

एक घडलेली गोष्ट सांगते. गाव आणि मंडळ यांची नावे सांगत नाही. त्या मंडळाचे खजिनदार फार भले गृहस्थ. वीस वर्षे त्यांनी वर्गणी गोळा केली, अडल्या-नडल्याला मदत केली, मयतीचा खर्च भागवला. हिशेब सारा त्यांच्या डोक्यात आणि थोडाफार बिस्किटांच्या एका डब्यात, चिठ्ठ्यांवर. कोणी वही मागितली नाही, कारण मागणे म्हणजे त्यांचा अपमान, असे सर्वांना वाटे.

एका रात्री ते गेले. डबा उघडला. काही चिठ्ठ्यांवर नुसते आकडे, काहींवर नुसती नावे. बँकेत अपेक्षेपेक्षा कमी पैसे निघाले. कोणी उघड आरोप केला नाही. पण त्यांच्या बायकोला लोक पूर्वीसारखे बोलवेनासे झाले. मुलाने घर दुरुस्त केले तर डोळे वर झाले. मी त्या बाईंना चांगली ओळखत होते. त्या एकदा मला म्हणाल्या, “बाई, यांनी एक पैसा घेतला नाही, हे मला माहीत आहे. पण दाखवू काय?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. एक साधी वही आणि तिच्यावर दोन माणसांच्या सह्या असत्या, तर ते घर वाचले असते.

हिशेब चोराला पकडतो, हे खरेच. पण त्याहून मोठे काम म्हणजे तो प्रामाणिक माणसाचे नाव त्याच्यामागे राखून ठेवतो.

आपण काय करावे

अर्ज करायचा ठरला तर माझ्या मते आधी घर आवरावे. बँकेत मंडळाच्या नावाचे खाते, आणि चेकवर दोघांच्या सह्या. त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात. प्रत्येक खर्चाची पावती त्याच आठवड्यात वहीत लावावी. शहर पुष्कळदा पैसे उशिरा देते आणि काही करारांत तर आधी खर्च करून मग मागावे लागतात, तेव्हा तेवढी शिल्लक हाती असल्याशिवाय मोठे काम अंगावर घेऊ नये. कमिटीतल्या कोणाच्या भावाचा हॉल किंवा मेहुण्याचे केटरिंग घ्यायचे असेल तर ते सभेत आधी सांगावे, त्या माणसाने मत देऊ नये, आणि तसे सभेच्या वृत्तांतात लिहावे.

देशाच्या कायद्यानेही काही गोष्टी मागितल्या आहेत. करमुक्त ना-नफा संस्थेला फेडरल कर खात्याकडे दरवर्षी फॉर्म ९९० च्या मालिकेतला एक फॉर्म भरावा लागतो. ज्यांचे उत्पन्न साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असते त्यांना छोटासा ई-पोस्टकार्ड पुरतो. सिनेगॉगसारख्या उपासना-संस्थांना यातून सूट आहे, पण सांस्कृतिक मंडळ वेगळे नोंदले तर त्याला सूट नाही. भरलेले मागच्या तीन वर्षांचे फॉर्म कोणीही मागितले तर दाखवावे लागतात. न्यूयॉर्क राज्यात वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेले की स्वतंत्र ऑडिट लागते. आपण तिथवर पोचणे कठीण, पण नियम ठाऊक असावा.

आणि जे अर्ज करणार नाहीत, नुसते कर भरतात, त्यांनीही गप्प राहू नये. तुमच्या गावच्या केंद्राला पालिकेने पैसे दिले असतील तर शहराच्या कार्यालयाकडे करार आणि अहवाल मागता येतात. न्यूयॉर्कच्या माहितीच्या कायद्याप्रमाणे कार्यालयाने पाच कामाच्या दिवसांत निदान पोच द्यायला हवी. पत्र नम्र लिहा, हवा असलेला कागद नेमका सांगा. उत्तर येते.

लहानपणी आमच्या मराठी शाळेत ग्रँटसाठी तपासणी असे. इन्स्पेक्टरसाहेब येऊन हजेरीपट मोजत, बाके मोजत, एखाद्या मुलाला उभे करून पाढे म्हणायला लावत. आम्हाला भीती वाटे. पण आमच्या हेडमास्तरांना कधी वाटलेली दिसली नाही. ते त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसून येत आणि हजेरीपट आधीच टेबलावर उघडून ठेवत.

पुढच्या महिन्यात आमची सभा आहे. मी मामांना फोन करून विचारले की, अर्ज झालाच तर वही तुम्ही ठेवाल का? थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठेवीन. पण सही दुसऱ्या कोणाचीही पाहिजे.”

मी म्हटले, “मामा, तेच तर सांगत होते.”